सुटका जवळ आली की होणाऱ्या चुका

येरवडा असो, नाशिक रोड असो की कोल्हापूरचं कळंबा, तुरुंगात शिक्षा संपत आलेल्या माणसाच्या मुलाकातीत एकच प्रश्न फिरत असतो: "किती राहिले?" मग वकिलाचं काय म्हणणं, माफी (शिक्षेतून कमी होणारे दिवस) किती लागली, आल्यावर देवाला कुठे जायचं, सगळं बोलून होतं. आधार कार्ड कुणाकडे आहे आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. बाहेर आल्यावरचे पहिले तीन महिने अवघड जातात ते बहुतेक वेळा अशाच बारीकसारीक गोष्टींनी. त्यांतल्या पुष्कळशा आत असतानाच मार्गी लावता येतात, म्हणून हे लिहितो आहे. बंद्यांसाठी लिहितोय, आणि त्यांच्या घरच्यांसाठी जास्त, कारण बाहेरची धावपळ त्यांनाच करायची असते.

बराकीतल्या हिशोबावर तारीख धरणं

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" हे वाक्य बराकीत इतकं पक्कं बसलेलं असतं की घरचे त्या हिशोबाने मुलीचं लग्न ठरवतात. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. चौदा वर्षांचा संबंध मुदतपूर्व सुटकेच्या विचाराशी आहे: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेच्या बंद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं काढल्याशिवाय सोडता येत नाही. त्यानंतरही तो कोणत्या प्रवर्गात बसतो हे शासनाच्या मार्गदर्शक सूचनांवरून ठरतं, आणि काही प्रवर्गांत वर्षं बरीच जास्त आहेत. त्यामुळे शेजारच्या बंद्याची वर्षं आपल्याला लागू करू नका. प्रवर्ग आणि माफीचे दिवस तुरुंगाच्या कार्यालयातून विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

दोन गोष्टी शेवटच्या दिवशी आडव्या येतात. एक, दंड. न भरलेल्या दंडापोटी जादा कैद भोगावी लागते. केंद्राची गरीब बंद्यांसाठीची 2023 ची योजना आहे. तिच्यात पात्र बंद्याच्या दंडासाठी आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते; योजना सुरू झाली तेव्हा दंडासाठी 25,000 आणि जामिनासाठी 40,000 रुपयांची मर्यादा होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत विचारणा करा. दुसरी, जुनी विसरलेली केस. एका केसमध्ये सुटका आणि दुसरीत वॉरंट, मग घरच्यांनी गेटवर आणलेली गाडी रिकामीच परत जाते. सुटकेच्या वर्षभर आधी सगळ्या केसेसची यादी वकिलाकडून तपासून घ्या. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, हेल्पलाइन 15100.

रजेचे दिवस नुसते पाहुणचारात घालवणं

संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. रजेच्या अर्जावर गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतात, आणि घोटाळा होतो तो इथे. हवालदार जबाब घ्यायला घरी येतो, घरात म्हातारी आई एकटी, ती घाबरून म्हणते "मला काही माहीत नाही, मोठ्याला विचारा". अहवाल प्रतिकूल जातो आणि आतला माणूस महिनोन्महिने ताटकळतो. अर्ज टाकला की घरात सगळ्यांना सांगून ठेवा, जामीनदार कोण राहणार ते आधीच ठरवा आणि त्याचे कागद तयार ठेवा.

आणि वेळेवर परत जा. उशीर झाला तर माफी कापली जाते, पुढच्या रजा अडतात, गुन्हाही दाखल होऊ शकतो. कोविडच्या काळात तातडीच्या पॅरोलवर सुटलेले कित्येक जण परतले नाहीत आणि नंतर पकडून आणले गेले. कारण खरंच मोठं असेल तर मुदत संपण्याआधी लेखी अर्ज करा. फोनवर सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

कागद आणि नंबर यांकडे दुर्लक्ष

हा भाग सगळ्यात जास्त छळतो. आत गेल्यावर माणसाचं सिम रिचार्जविना पडून राहतं. काही महिन्यांत ते बंद होतं आणि तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. बँक, आधार, पॅन सगळं त्याच नंबरला जोडलेलं. बाहेर आल्यावर प्रत्येक ठिकाणी ओटीपी लागतो, आणि तो कुण्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवर जातो. घरच्यांना जमत असेल तर त्यांनी ते सिम किमान रिचार्ज मारून जिवंत ठेवावं. ते गेलंच असेल तर सुटल्यावर क्रम असा ठेवा: आधी नवं सिम, मग आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलणं (त्याला बोटाचा ठसा पुरतो, वेगळा कागद लागत नाही), आणि मग बँक. हा क्रम उलटा केला की तीन-तीन खेपा होतात.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते. पैसे बुडत नाहीत. केवायसीचे कागद देऊन खातं पुन्हा चालू होतं. रेशन कार्डावरून नाव कमी झालंय का, मतदार यादीत आहे का, तेही बघा. तुरुंगात असताना मत देता येत नाही, पण सुटल्यावर तो हक्क परत मिळतो. कित्येकांना वाटतं की तो कायमचा गेला.

गेटवर मिळालेला सुटकेचा दाखला खिशात घडी घालून ठेवू नका, घामाने त्याची चिंधी होते. त्याच दिवशी प्रती काढा, फोटो घरच्या मोबाइलमध्ये ठेवा.

काम येतं, पण दाखवायला कागद नाही

महाराष्ट्रातल्या तुरुंगांत सुतारकाम, यंत्रमाग, शिवणकाम, बेकरी असे कारखाने चालतात. नाशिक रोडच्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्तींना बाहेर मागणी असते. वर्षानुवर्षं मशीनवर बसलेला माणूस बाहेर येतो तेव्हा मात्र "काय येतं?" या प्रश्नावर गप्प राहतो. कोणत्या विभागात, किती काळ, कोणत्या मशीनवर काम केलं याचा दाखला सुटकेआधी अर्ज करून मागा. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं शिक्षण तुरुंगात राहून घेता येतं. गुणपत्रिका घरच्या पत्त्यावर पोचतील अशी सोय करा.

नोकरीच्या फॉर्मवर गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तर लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. खरं सांगूनही नोकरी मिळेलच असं नाही, हे कटू आहे. पण लपवलेलं उघडं पडलं तर लागलेली नोकरी जाते, आणि तो धक्का पहिल्यापेक्षा जड असतो. छोट्या वर्कशॉपात मालकाला एकट्याला, थोडक्यात सांगा. सोबतच्या कामगारांपुढे सगळी कहाणी मांडायची गरज नाही.

घर जसं सोडलं तसंच असेल हे धरून चालणं

आठ-दहा वर्षं बायकोने घर चालवलेलं असतं. भाडं, शाळेची फी, सासूचं आजारपण, कोर्टाचा खर्च, सगळं तिने निभावलेलं असतं. तो येतो आणि दुसऱ्याच आठवड्यात विचारतो, "पैसे कुठे गेले?" मुलगा बापाला "तू" म्हणावं की "तुम्ही" एवढ्यावरच अडखळत असतो, आणि बाप त्याला उशिरा येण्यावरून ओरडतो. इथून भांडणं सुरू होतात. घरच्यांचा मान राखून काही दिवस नुसतं पाहा: कोण काय करतं, कशाला किती लागतं. मग एखादं काम आपल्याकडे मागून घ्या. पाणी भरणं, आईचा दवाखाना, काहीही.

घरच्यांनीही एक समजून घ्यावं. आत उठणं, जेवण, अंघोळ, दिवा, कुलूप, काहीच माणसाच्या हातात नसतं. निर्णय घ्यायची सवयच मोडते. तो दुकानात तीन साबणांपुढे गोंधळून उभा राहतो, बंद दारापाशी कुणी उघडेल म्हणून थांबतो. त्याला हसू नका आणि त्याच्या वतीने सगळं ठरवूनही टाकू नका. छोटे निर्णय त्याच्यावर सोडा. खुल्या कारागृहाची संधी असेल तर ती नाकारू नये असं मी म्हणतो ते याचमुळे. पैठण, विसापूर, मोर्शी इथे शेतात राबावं लागतं, पण दिवस थोडा आपला असतो. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत तर बंदी कुटुंबासह राहतात. औंध संस्थानाने 1939 मध्ये सुरू केलेला हा प्रयोग आजही चालू आहे.

औषध आणि पैसा

टीबी किंवा एचआयव्हीचं औषध चालू असेल तर तुरुंगाच्या दवाखान्यातून उपचाराचे कागद घेऊनच बाहेर पडा आणि त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. टीबीच्या गोळ्या मध्येच तुटल्या तर आजार औषधांना दाद देईनासा होतो. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोलता येतं.

तुरुंगातल्या कामाची साठलेली मजुरी पहिल्या आठवड्यात जेवणावळीत आणि जुन्या मित्रांत संपते. दोन महिन्यांचं भाडं आणि रेशन बाजूला काढल्याशिवाय त्यातला रुपया मोडू नका.

पोलिसांना टाळत फिरणं

गणपती किंवा निवडणूक आली की नाव यादीवर असलेल्यांना ठाण्यात बोलावणं येतं, चॅप्टर केसची (गडबड करणार नाही असं हमीपत्र घेण्याच्या प्रतिबंधक कारवाईची) नोटीस येते. भीतीने माणूस गाव सोडून नातेवाइकाकडे जातो, आणि "मिळून येत नाही" अशी नोंद होते. ती नोंद पुढे प्रत्येक वेळी त्याच्याविरुद्ध वापरली जाते. नोटीस हातात घ्या, तारीख नीट वाचा, वकील किंवा विधी सेवेचा स्वयंसेवक सोबत घेऊन जा, आणि कामाचा दाखला, भाडेकरार जवळ ठेवा. तडीपारीचा आदेश असेल तर हद्दीत चोरून येऊ नका, मग घरात लग्न असो की मयत. आधी लेखी परवानगी मागा. आणि भेटायला येणारे जुने साथीदार "फक्त चहा घेऊ" म्हणाले, तरी ठाण्यातल्या माणसाला तो नुसता चहा वाटत नाही, हे लक्षात ठेवून ज्याला त्याला वेळीच नाही म्हणा.