लेआउट उघडावाघडा असतानाच दाखवा

आपल्याकडच्या मॉडेल रेल्वेवाल्यांची एक सवय आहे, सगळं काम होईपर्यंत कोणाला काही दाखवायचं नाही आणि मग डोंगर, झाडं, स्टेशन, दिवे सगळं लागल्यावर एकदम वीस फोटो टाकायचे. लोक झक्कास, कडक, एक नंबर म्हणतात आणि विषय संपतो. मग कोणीतरी हळूच विचारतं की अहो मागच्या वळणावर रूळ जोडलाय तिथे कोपरा आलाय का, गाडी जरा हिसका खातेय. आणि तो जोड असतो बोगद्याच्या आत, त्याच्यावर थर्माकोल, त्यावर प्लास्टर, त्यावर रंग, त्यावर झाडं. आता काय करणार? म्हणून मी इथे लेआउट, म्हणजे बोर्डावर रूळ, डोंगर, स्टेशन मांडून केलेली छोटी रेल्वे, करताना कुठल्या टप्प्यावर काय दाखवायचं, कसं दाखवायचं आणि काय विचारायचं ते सांगतोय, बांधणीच्या गोष्टी ओघात येतीलच.

उदाहरण नेरळ-माथेरानचं घेतो. नवीन माणसाला विचारा काय करायचंय, तर दहातले नऊ जण खंडाळ्याचा घाट म्हणणार, मागे ढकलायला बँकर इंजिनं लावलेली लांबलचक एक्सप्रेस, बोगदे, पूल. हौस चांगली आहे पण हिशोब करा, आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला, एक डबा एचओ स्केलमध्ये म्हणजे १:८७ मध्ये साधारण साडेचोवीस सेंटिमीटर होतो, २० डब्यांची गाडी ५ मीटर, वन बीएचकेच्या हॉलची भिंत तिथेच संपली. माथेरानची गाडी मुळातच छोटी. १९०७ साली सुरू झालेली २ फूट गेजची, म्हणजे दोन रुळांत २ फूट अंतर असलेली लाइन, इटुकले डबे, २० ला १ असा चढ, आणि वळणं अशी की खिडकीतून आपलंच इंजिन दिसतं. म्हणजे घरात जागा नाही म्हणून जी घट्ट वळणं नाइलाजाने घ्यावी लागतात ती इथे खरीच वाटतात.

स्केलचं एकदाच सांगून टाकतो. २ फूट म्हणजे ६१० मिमी, १:८७ मध्ये ७ मिमी. असा रूळ बाजारात सहज मिळत नाही म्हणून एन स्केलचा, म्हणजे त्याहून लहान मापाच्या गाड्यांचा, ९ मिमी रूळ वापरायचा आणि त्यावर १:८७ चे डबे स्वतः बांधून चढवायचे, खाली चॅसिस (चाकांसकटचा सांगाडा) एन स्केलचीच. २ मिमीची लबाडी आहे. पण ब्रॉडगेजवाले तरी कुठे सोवळे आहेत, १६७६ मिमीचे १:८७ मध्ये १९.३ होतात आणि सगळे १६.५ च्या रुळावर बिनधास्त गाड्या पळवतात. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये हे लिहून टाका, म्हणजे पुढे प्रत्येक फोटोखाली गेजवरून वाद होणार नाही.

कागद आधी दाखवा

पहिली गोष्ट दाखवायची ती कागदावरचा प्लॅन, आणि त्यावर आकडे पाहिजेत. नुसतं गोल गोल चित्र काढून कसं वाटतंय विचारलं तर लोक छान वाटतंय एवढंच म्हणणार. बोर्ड केवढा, वळणाची त्रिज्या किती, बोर्डाच्या कुठल्या बाजू भिंतीला लागून आहेत, तुम्ही उभे कुठे राहणार, काम नसताना बोर्ड ठेवणार कुठे (दिवाणाखाली ठेवणार असाल तर डोंगराची उंची दिवाण ठरवणार) हे सगळं लिहा. हात साधारण २ फुटांपर्यंत नीट पोचतो, त्यापलीकडे गाडी घसरली की डोंगरावर कोपर टेकून उचलायची वेळ येते.

माथेरान म्हटलं की जो तो पहिल्याच प्लॅनमध्ये रूळ रुळावरून नेतो. ४ बाय २ फुटांच्या बोर्डावर तो मोह टाळा. २४९ मिमी त्रिज्येची वळणं धरली तर एक पूर्ण फेरी जेमतेम २ मीटर ८५ सेंटिमीटर होते. वरून दुसरा रूळ न्यायचा तर खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत ६ सेंटिमीटर तरी उंची हवी, ३० ला १ चढ धरला तर तेवढं चढण्यातच १ मीटर ८० जातात आणि उरलेल्या मीटरभरात खाली यायचं म्हणजे जवळपास १८ ला १, खऱ्या माथेरानपेक्षाही खडा. छोटं हलकं इंजिन तिथे चाकं फिरवत जागेवर उभं राहणार.

यावर जुनी युक्ती आहे, रूळ सपाट ठेवा आणि जमीन उतरवा. बोर्डावर आधी ५० मिमी जाडीचा थर्माकोल किंवा त्याहून घट्ट तो निळा-गुलाबी फोम मिळतो तो घाला, रूळ त्याच्यावर, आणि मग रुळाच्या पुढची बाजू खाली कोरत न्या, मागची बाजू वर चढवत न्या. बघणाऱ्याला दरी दिसते, डोंगर दिसतो, गाडी घाट चढतेय असंच वाटतं. इंजिनाला काही पत्ताच नाही.

रूळ आणि वायरिंग, खरी वेळ हीच

सगळ्यात जास्त फोटो या टप्प्यावर काढा आणि लाजू नका. बोर्ड भकास दिसतो, वायरी लोंबतात, रूळ टाचण्यांनी टोचलेले असतात, घरचे विचारतात हे असंच राहणार का. पण सल्ला ऐकून काही बदलता येतं ते याच वेळी, टाचणी काढली की रूळ मोकळा.

इथे फोटो वरून काढून उपयोग नाही. वरून सगळे रूळ सरळच दिसतात. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खालच्या बाजूला येईल, बोर्डाला जवळजवळ टेकवा आणि रुळाच्या लांबीच्या दिशेने बघत फोटो काढा. १:८७ मध्ये माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १८ मिमीवर असतो, तिथून बघितलं की प्रत्येक कोपरा, प्रत्येक फुगवटा ओरडून सांगतो मी इथे आहे. वळणात लवचिक रूळ जोडताना हा कोपरा हमखास येतो कारण टोकाकडची लांबी सरळ व्हायला बघते. उपाय सोपा, दोन तुकडे सरळ असतानाच जोडून सोल्डर करा आणि मग एकत्र वाकवा. मात्र सगळेच जोड सोल्डर करू नका, सरळ भागातल्या काही जोडांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट सोडा नाहीतर एप्रिल-मेमध्ये रूळ फुगून वर येतो.

दुसरा फोटो बोर्डाच्या खालचा. हा कोणीच टाकत नाही आणि खरं दुखणं बहुतेकदा तिथेच असतं. एका बाजूच्या रुळाला लाल, दुसऱ्याला काळी, बोर्डाखाली दोन जाड वायरी फिरवायच्या आणि साधारण मीटरभर अंतराने त्यातून वर बारीक वायर काढून रुळाला सोल्डर करायची. रुळांची टोकं जोडणाऱ्या नुसत्या जॉइनरच्या भरवशावर करंट पुढे जातो पण कमी होत जातो, जॉइनरमध्ये मळ बसला, ढिला झाला की गाडी एका ठराविक जागी मंदावते आणि आपण बिचाऱ्या इंजिनाला दोष देतो. प्रत्येक वायर लावली की मल्टिमीटरने शॉर्ट बघा, सगळ्या लावून शेवटी बघायला गेलात तर कुठली चुकली ते शोधत बसाल.

तिसरी गोष्ट व्हिडिओ. कंट्रोलर कमीत कमी ठेवून गाडी रांगवत एक पूर्ण फेरी, मग तीच फेरी उलट्या दिशेने, मग इंजिन मागे लावून डबे ढकलत. आणि हात जोडून सांगतो, व्हिडिओवर गाणं टाकू नका. जाणकार माणूस आवाज ऐकतो. टक टक टक एकसारखं येत असेल तर ठीक, मध्येच एक टॉक आला की तिथे जोड वर-खाली आहे. तुम्ही वर सिनेमातलं गाणं लावलंत की तो टॉक गेला आणि त्याबरोबर फुकटचा सल्लाही गेला.

बोगदा करणार असाल तर (माथेरान आहे म्हणजे वन किस टनेल होणारच) या टप्प्यावर सगळ्यात लांब डब्याच्या मध्यावर आतल्या कडेला आणि दोन्ही टोकांना बाहेरच्या कडेला पेन्सिल चिकटवून गाडी हाताने वळणातून फिरवा. वळणात डब्याचा मध्य आत झुकतो आणि टोकं बाहेर जातात, पेन्सिल ज्या रेषा काढेल त्याच्या बाहेर भिंत उभी करायची. त्या रेषांचा फोटो टाका. आणि बोगद्यात मागून हात जाईल अशी खिडकी ठेवा, गाडी घसरते ती नेमकी तिथेच.

मग डोंगर

दिवाळीत किल्ला केलेल्या माणसाला डोंगर कसा करायचा ते मी काय सांगणार. फक्त माती नको, बोर्ड उचलवणार नाही. थर्माकोलचे थर, त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेले वर्तमानपत्राचे दोन-तीन थर, त्यावर पातळ प्लास्टर. थर्माकोलला रबरवालं सोल्युशन किंवा स्प्रे पेंट लावू नका, खाऊन टाकतं, डोळ्यादेखत खड्डा पडतो. फेविकॉल चालतो पण दोन थरांच्या मध्ये हवा नसते म्हणून वाळायला वेळ घेतो, ठिपके ठिपके लावा आणि वर वजन ठेवून विसरून जा.

आकार मात्र सह्याद्रीचा पाहिजे. परदेशी किटमधले खडक आल्प्सचे असतात, टोकदार, करडे, तिरपे. आपला डोंगर आडव्या थरांचा, कडा मग उतार मग परत कडा असा पायरीपायरीने चढणारा आणि वर टेबलासारखा सपाट. प्लास्टर ओलं असताना सुरीच्या पात्याने आडव्या रेघा ओढा, कडा काळपट करा आणि वरून खाली पाण्याचे काळे ओघळ सोडा. माथ्यावर जांभा, त्याला गेरूसारखा दुसरा रंग नाही, कुंभाराकडचा किंवा किराणा दुकानातला गेरू पाण्यात पातळ करून दोन-तीनदा मारा. रंगवण्याआधी नुसत्या पांढऱ्या प्लास्टरचा फोटो टाका, आकार चुकला असेल तर पांढऱ्यातच कळतो, हिरवं लागलं की सगळंच बरं दिसतं.

खडी. खरी ५० मिमीची खडी १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते, त्यामुळे बांधकामावरची वाळू चहाच्या गाळणीतून चाळून जे खाली पडेल तेच घ्या. कोकणातल्या किनाऱ्यावरची काळसर वाळू छान दिसते म्हणून कोणी आणली असेल तर आधी लोहचुंबक फिरवा, त्यातल्या लोहाच्या खनिजाचे कण चिकटून वर येतात आणि तेच पुढे मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात. खडी कोरडी पसरा, ब्रशने स्लीपरच्या मध्ये बसवा, भांड्यांच्या साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारा आणि मग अर्धं पाणी अर्धा फेविकॉल ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथल्या) हलत्या पात्यांजवळ ड्रॉपर नेऊच नका, तिथे कोरड्या खडीचेही चार दाणे कमीच बरे.

झाडांचं फार लिहीत नाही. वायर पिळून खोड, भांडी घासायचा स्पंज मिक्सरमधून काढून पानं (मिक्सरचं जुनं भांडं, घरात विचारून), जंगलातला पाचोळा म्हणून वापरलेली चहापावडर. चहापावडर उन्हात अगदी कडक वाळवा, ओलसर राहिली तर जुलैत माथेरानला पांढरी बुरशी येते.

फोटो आणि प्रश्न

उजेड खिडकीचा, एका बाजूने येणारा, सकाळचा सगळ्यात चांगला. फ्लॅश बंद. फोन लांब धरून नंतर फोटो कापा, अगदी जवळून काढला की इंजिनाचं नाक स्पष्ट आणि बाकी गाडी धुक्यात. प्रत्येक टप्प्यावर एक फोटो ठरलेल्या जागेवरूनच काढा, फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. आणि एका तरी फोटोत १० रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिमीचं असतं, बघणाऱ्याला माप लगेच कळतं.

प्रश्न एका वेळी एकच. "काही सुचवा" असं लिहिलं तर कोणी काही सुचवत नाही. "२४९ त्रिज्येच्या वळणावर तिसरा डबा आतल्या बाजूला घसरतो, फक्त ढकलताना, ओढताना नाही, चाकांमधलं अंतर तपासलंय" असं लिहिलं की लगेच उत्तरं येतात, कारण अर्धं निदान तुम्हीच करून दिलंय. दुरुस्त झालं की काय केल्याने झालं तेही लिहा, बरेच जण हे विसरतात आणि सहा महिन्यांनी दुसरा कोणी तोच प्रश्न घेऊन येतो.

दुसऱ्याच्या अर्धवट लेआउटवर बोलताना आधी बघा त्याने काय विचारलंय. त्याने वायरिंग विचारलं असेल तर डब्याचा रंग चुकलाय हे सांगायची ही वेळ नाही. आणि एकदम झाक तयार लेआउटच बघायचा असेल तर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १९९८ पासून, एकदा जाऊन या. तिथे गाड्या बघून झाल्या की रूळ कुठे लपतात आणि कुठून परत बाहेर येतात ते शोधत बसा, प्लॅन करायला त्याचा जास्त उपयोग होतो.

पावसाळ्यात खरी गाडीही नेरळ ते अमन लॉज बंद असते, तेव्हा आपणही मोठी कामं थांबवावीत हे बरं. मुंबई-कोकणात प्लायवूड त्या काळात ओल धरून वाकतं, लोखंडी रूळ गंजतात, म्हणून विकत घेतानाच निकेल सिल्व्हरचे घ्या. ऑक्टोबरमध्ये बोर्ड बाहेर काढलात की आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा, त्याच जुन्या जागांवर फोन उलटा टेकवून परत फोटो काढा आणि मे महिन्यातल्या फोटोंच्या शेजारी ठेवून टाका, कुठला जोड सरकलाय ते लगेच कळेल.