बिंदू पडला तिथेच: जंगलमोजणीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मी संख्याशास्त्रात बीएस्सी केलं आणि गडचिरोलीत जंगल मोजणाऱ्या एका टोळीत कामाला लागले. नमुना पाहणीची सूत्रं पाठ होती, झाडं मात्र चार-पाचच ओळखता यायची. या कामाकडे वळू पाहणारी मुलं-मुली विचारतात, वनशास्त्र शिकून यावं की संख्याशास्त्र? दापोली किंवा अकोल्याहून वनशास्त्राची पदवी घेऊन आलात, तर झाड, माती, उतार यांची ओळख झालेली असते, आकडेमोड शिकावी लागते. आमच्यासारख्यांचं उलटं. दोन्ही कामावर शिकता येतं. पण एक गोष्ट उशिरा कळली तर फार महाग पडते, आणि ती सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

आधी काम काय ते सांगते. एका परिक्षेत्रात लाखो झाडं असतात, सगळी मोजायला माणसं पुरणार नाहीत. म्हणून नकाशावर बिंदू टाकायचे, प्रत्येक बिंदूवर ठरलेल्या मापाचा प्लॉट आखायचा, त्यातली झाडं मोजायची आणि त्यावरून साऱ्या जंगलातलं लाकूड, बांबू काढायचा. शितावरून भाताची परीक्षाच ही. पण पातेल्यातला भात ढवळलेला असतो, जंगल तसं नसतं. नाल्याकाठी उंच ऐन-अर्जुन, वर सपाटीला साग, माथ्यावर खुरटा धावडा, मध्येच उघडा खडक. शीत कुठलं उचललं यावर सगळं ठरतं.

देशभरासाठी हे काम डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ पासून करते, मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. तिथे बरीच वर्षं वापरात राहिलेला ०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट आम्हीही वापरत होतो. त्याची बाजू ३१.६२ मीटर. आखताना बाजू मोजत नाहीत. मध्यबिंदूवर खुंटी ठोकायची आणि होकायंत्र धरून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य अशा चारही दिशांना २२.३६ मीटर टेप नेला की चार कोपरे मिळतात. हे अंतर आडवं असतं, जमिनीला धरून नव्हे. २० अंशांचा चढ सरळ चढत असाल तर टेप २३.८० मीटरवर थांबवावा लागतो. हा हिशोब विसरला की उतारावरचे प्लॉट लहान पडतात आणि जंगल आहे त्यापेक्षा विरळ दिसतं.

झाडाची गोलाई छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. पहिल्याच दिवशी मी उतारावरच्या एका बिजाच्या झाडाला खालच्या बाजूने टेप लावला. आमच्याबरोबर गावातले एक काका होते, त्यांनी हात धरून थांबवलं. ‘‘पोरी, वरच्या अंगाले उभी राय.’’ बुंध्याशी साचलेला पाला पायाने सारला, १.३७ मीटरची काठी वरच्या बाजूला टेकवली, खोडाला चिकटलेली वेल उचलून तिच्याखालून टेप ओवला आणि पाठीमागे टेप तिरपा होत नाही ना, हे झाडाला फेरी घालून पाहिलं. मग आकडा सांगितला. त्या एका झाडाला त्यांनी दोन मिनिटं दिली. मी आजही तसंच मोजते.

आता माझ्या हातून झालेली चूक. एक बिंदू टेकडीच्या खांद्यावर पडला होता. दीड तास चढून गेलो तर तिथे काळा खडक आणि गवत, मोजण्याजोगं एकही झाड नाही. टोळीप्रमुख म्हणाले, ‘‘इथे काय मोजणार? खाली शंभर मीटरवर चांगला साग आहे, तिथे टाकू.’’ मला ते पटलं. इतक्या लांब येऊन रिकामा फॉर्म न्यायचा, याची उलट लाज वाटत होती. आम्ही प्लॉट खाली सरकवला, झाडं मोजली, फॉर्म भरगच्च झाला. पुढे तपासणीची टोळी त्याच अक्षांश-रेखांशावर जाऊन उभी राहिली. त्या हंगामातले आमचे सगळे प्लॉट पुन्हा करावे लागले, आणि ते योग्यच झालं.

त्या रात्री मी वहीत साधा हिशोब मांडला. तुम्हीही मांडून पाहा. समजा ४० प्लॉट आहेत. त्यांतले ६ खडकावर पडले, तिथे लाकूड शून्य. उरलेल्या ३४ मध्ये सरासरी ५ घनमीटर. मग खरी सरासरी ४.२५ येते, म्हणजे हेक्टरी ४२.५ घनमीटर. ते सहा प्लॉट सागात सरकवले तर हेक्टरी ५० येतात. हजार हेक्टरांच्या जंगलावर हा फरक ७,५०० घनमीटरचा होतो. हे लाकूड कुठेच उभं नाही. पण कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या त्या जंगलासाठीच्या आराखड्यात, त्याच्या जोरावर तोड ठरली, तर कुऱ्हाड उभ्या असलेल्या खऱ्या झाडांवरच पडणार.

अशा एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीला पुस्तकात अभिनती म्हणतात, आणि ती प्लॉट वाढवून जात नाही. कमी होते ती नुसती त्रुटी, म्हणजे कुठले बिंदू पडले या योगायोगाने येणारा फरक. तिचाही भाव ठरलेला आहे: त्रुटी निम्मी करायची तर प्लॉट चौपट. विचरण गुणांक, म्हणजे प्लॉटप्लॉटमधला फरक सरासरीच्या मानाने किती ते, ५० टक्के असेल, तर १० टक्क्यांच्या आत यायला सुमारे १०० प्लॉट लागतात, ५ टक्क्यांसाठी ४००. म्हणून आधी जंगलाचे स्तर, म्हणजे आतून सारखे असलेले गट, पाडतात. एका वयाच्या सागलागवडीत झाडं सारखी असतात, तिथे थोडे प्लॉट पुरतात, मिश्र जंगलात आणि बांबूच्या बेटांत जास्त द्यावे लागतात. सारख्या अंतराच्या जाळीवर बिंदू टाकणं सोपं आणि बहुतेक वेळा चांगलंही, मात्र लागवडीच्या ओळी आणि आपली जाळी एका तालात आली तर घोटाळा होतो. एवढं लक्षात ठेवा, बाकी पुस्तकात आहे.

अभिनती काठावरही शिरते. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की प्लॉट फार लहान घेतला की उत्पन्न वाढून दिसतं. काठावरची रोपं आत धरली जातात, आणि लहान प्लॉटला आतल्या जागेच्या मानाने काठच जास्त. रेषेवर मोहाचं मोठं झाड उभं असलं की आमचाही हात त्याला आत घेऊ बघतो. नियम ठेवा: खोडाचा मध्य आत तर झाड आत, नाहीतर बाहेर, आणि शंका आली की टेप लावायचा. नजरेने ठरवायचं नाही.

तसंच जीपीएसचं. दाट झाडीखाली तो काही मीटर इकडेतिकडे हलत राहतो, आणि आपण नेमके सावलीच्या, काटे नसलेल्या जागी ‘आलं’ म्हणतो. यावर उपाय म्हणजे थोडं अलीकडेच मोकळ्या जागी थांबून बिंदूची दिशा आणि अंतर टिपून घ्यायचं, जीपीएस खिशात टाकायचा आणि उरलेलं होकायंत्र-टेपवर जायचं. वाटेत काटेरी झुडूप आलं तर त्यातूनच.

या कामाची गरज वाढते आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचे वाहतूक परवाने आले. वनहक्क मिळालेल्या गावांना आपल्या जंगलात बांबू किती आणि यंदा किती तोडावा, हे आता स्वतः ठरवायचं असतं. ग्रामसभेत बसून आपला आकडा समजावून सांगणं ही माझी सर्वांत आवडती जबाबदारी. तिथली माणसं ते जंगल रोज बघतात, आकडा फुगलेला असेल तर लगेच विचारतात. त्यामुळे आकड्याबरोबर त्रुटीही सांगा, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं. लोकांना ते नीट कळतं.

पुढच्या हंगामात पुन्हा एक बिंदू उघड्या खडकावर आला. आम्ही चारही कोपरे आखले, उतार मोजला, चारही दिशांचे फोटो काढले आणि झाडांच्या रकान्यात शून्य लिहिलं. तपासणीच्या टोळीला जागा सापडावी म्हणून काकांनी खुंटीभोवती दगडांची छोटी रास रचली, आणि आम्ही पुढच्या बिंदूकडे निघालो.