दीड शिफ्टचा हिशेब : परगावी शिलाई कारखान्यात जाताना स्वतःची वही कशी ठेवायची

माझी आई कापूस वेचायला जायची. मजुरी किलोवर. संध्याकाळी वजन झालं की मुकादम त्याच्या वहीत मांडायचा, आणि आई घरी येऊन चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने तोच आकडा लिहायची. पैसे मिळायच्या दिवशी आधी भिंतीपुढे उभी राहून बेरीज करायची, मग मुकादमाकडे निघायची. शाळेत गेलेली नव्हती, पण आकडे पक्के होते.

2014 साली मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडून अकरा मुलींबरोबर तमिळनाडूतल्या तिरुपूरला गेले. तिथे शिलाईच्या कारखान्याला सगळे बनियन कंपनी म्हणतात. आठ वर्षं राहिले. आधी हेल्पर, मग ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवर, टेलर. आता गावी परतले आहे. आमच्या भागातून तिकडे गेलेल्या मुलींचे फोन येतात, "ताई, पगार कमी आला." मी पहिलं विचारते, वहीत काय लिहिलंय? बहुतेक वेळा वहीच नसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तिरुपूर असो, बंगळूर असो, नाहीतर नोएडा, वही सगळीकडे सारखीच ठेवायची.

वही शिवलेली घ्या, स्पायरलची नको. शिवलेल्या वहीतलं पान काढलं किंवा मागाहून घातलं तर लगेच कळतं, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर नंबर टाका. पेनाने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा, खोडून काळं करू नका. वही हॉस्टेलवर ठेवायची, मशीनवर न्यायची नाही. मोबाइलवर लिहिणाऱ्या मुलीही आहेत, पण माझ्या कंपनीत गेटवरच मोबाइल जमा व्हायचे, आणि मोबाइल हरवला की सगळंच गेलं.

पहिलं पान निघायच्या आधी घरीच लिहायचं. तुम्हाला कोणी नेलं, कोणत्या कामासाठी, महिना किती सांगितला, त्यातून जेवणाचे आणि राहण्याचे किती कापणार म्हणाले, हे बोलणं कुठे झालं आणि समोर कोण होतं. आमच्या बॅचला गावात एक रक्कम सांगितली होती आणि तिथे हातात वेगळीच आली. विचारल्यावर उत्तर मिळालं, ते तर खाणं-राहणं धरून सांगितलं होतं. आमच्यापैकी एकीनेही लिहून ठेवलं नव्हतं. पोचल्यावर त्याच पानावर कंपनीचं नाव ओळखपत्रावर छापलं असेल तसंच उतरवा. एका मालकाच्या तीन-चार युनिटांची नावं वेगवेगळी असतात, आणि तक्रार भलत्याच नावावर गेली की महिने वाया जातात. टोकन नंबर (कंपनीतला तुमचा नंबर), रुजू झाल्याची तारीख आणि ठेकेदारामार्फत असाल तर त्याचं नावही लिहा. नेमणूक पत्र मागा. आता ते देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्राचा, ओळखपत्राचा फोटो काढून घरच्यांना पाठवा. आधार कार्ड, मार्कशीट यांच्या फक्त झेरॉक्स द्यायच्या. मूळ कागद "ऑफिसात सुरक्षित ठेवतो" म्हणाले तरी द्यायचे नाहीत. ज्यांनी दिले त्यांना नोकरी सोडताना तेच कागद मिळवायला हातापाया पडावं लागलेलं मी पाहिलं आहे.

आता रोजची ओळ. झोपायच्या आधी दोन मिनिटं, कितीही दमलात तरी. आठवड्याचं एकदम रविवारी लिहू म्हणाल तर मंगळवार आणि बुधवार एकमेकांत मिसळतात, आणि अशी वही कुणी मानत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: "12 मंगळवार. बसले 8.25, उठले 9.30. जेवण 1 तास. ओव्हरलॉक, साइड सीम. टार्गेट 90, निघाले 80. पंच 6 वाजता करायला लावला, पुन्हा मशीनवर."

यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. काही ठिकाणी सहा वाजता सगळ्यांना कार्ड पंच करायला लावतात आणि परत लाइनवर बसवतात. रजिस्टरमध्ये मग तुम्ही सहालाच घरी गेलेल्या असता. म्हणून वहीत पंचची वेळ वेगळी आणि मशीनवरून उठल्याची वेळ वेगळी लिहायची. घड्याळ नसेल तर हॉस्टेलच्या गेटवर रजिस्टर असतं, तिथे पोचल्याची वेळ बघा. अल्टरचे, म्हणजे शिलाई चुकल्यामुळे दुरुस्त करायचे, पीस परत आले आणि ते जेवणाच्या सुट्टीत शिवायला लावले तर तेही लिहा. त्या दिवशी सुट्टी एक तासाची नव्हती, पंधरा मिनिटांची होती.

या वेळा का लिहायच्या, ते दीड शिफ्टच्या हिशेबात कळतं. तिरुपूरला मजुरी शिफ्टवर बोलतात. एक शिफ्ट म्हणजे आठ तास. ऑर्डर जायची असली की दीड शिफ्ट, म्हणजे बारा तास. मला पहिली दोन वर्षं वाटायचं की दीड शिफ्टला दीडपट पैसे मिळाले म्हणजे बरोबर मिळाले. हिशेब समजावला ओडिशाच्या एका मावशींनी, त्या चेकिंगला होत्या.

सोपे आकडे घेते. समजा शिफ्टचे 400 रुपये. आठ तासांनी भागले की तासाचे 50. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाचे 100. चार तास जादा थांबलात तर 400 रुपये जादा. बारा तासांच्या दिवसाचे झाले 800. दीड शिफ्ट म्हणून हातात येतात 600. रोजचे 200 गेले. महिन्यात पंधरा दिवस दीड शिफ्ट केली तर 3,000 रुपये गेले, आणि गेल्याचं कळलंसुद्धा नाही. मावशींनी हे मला कापडाच्या चिंधीवर खडूने करून दाखवलं होतं. त्या रात्री मी रडले, कारण दोन वर्षांचं गणित कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुप्पट दराचा नियम नवीन नाही, 1948 च्या कारखाना कायद्यातही होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यांतही तो आहे. शिवाय जादा वेळ थांबायला तुमची संमती लागते, आणि संध्याकाळी सातनंतर बाईला कामावर ठेवायचं तरी तिची संमती लागते. नको म्हणणं लाइनवर किती कठीण असतं हे मला माहीत आहे. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडतो, दुसऱ्या दिवशी अवघड शिलाईच्या कामावर बसवतो. म्हणून मी कुणाला "नाही म्हणा" असं सांगत नाही. मी म्हणते, थांबावं लागलं तर थांबा, पण रात्री लिहा: विचारलं होतं की नाही, आणि कोणी थांबवलं.

पगाराच्या दिवशी वहीला चिठ्ठी लागते. वेतनचिठ्ठी दिलीच पाहिजे असा नियम आहे, कागदावर किंवा मोबाइलवर. ती तमिळ किंवा इंग्रजीत असते, पण रकाने ठरलेले असतात, एकदा कुणाकडून वाचून घेतले की पाठ होतात. बेसिक आणि महागाई भत्ता यांच्यावर 12 टक्के पीएफ कापला जातो. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे 10,000 वर 75 रुपये. मग कँटीन, हॉस्टेल, उचल. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये. पीस खराब झाला म्हणून दंड लावला तर तो पगाराच्या 3 टक्क्यांहून जास्त नसावा, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय लावता येत नाही. चिठ्ठीवरचे ओव्हरटाइमचे तास आणि वहीतले तास शेजारी-शेजारी लिहा. फरक असेल तर त्याच आठवड्यात विचारा. काय विचारलं, कोणी काय उत्तर दिलं, हेही वहीत.

पीएफ कापतात पण भरतात का, हे वेगळं बघावं लागतं. पहिल्या महिन्यातच यूएएन, म्हणजे आपल्या पीएफ खात्याचा नंबर, मागून घ्या आणि आपला स्वतःचा मोबाइल नंबर त्याला जोडा. ठेकेदाराचा नंबर जोडलेला मी बघितला आहे, मग पैसे काढताना ओटीपी त्याच्याकडे जातो. दर महिन्याला खात्यातली रक्कम वहीत लिहायची. हे पैसे आपले आहेत, हे बंगळूरच्या शिलाई कामगार बायकांनी सरकारला दाखवून दिलं होतं. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राने नियम बदलून मालकाच्या वाट्याचा पीएफ 58 वर्षांपर्यंत काढायला बंदी केली. एप्रिलच्या 18 तारखेला हजारो बायका कारखाने सोडून रस्त्यावर आल्या आणि 19 ला सरकारने तो नियम मागे घेतला. आमच्या लाइनवर ही बातमी कुजबुजत फिरली होती. पाच-सहा वर्षांत काम सोडून गावी जाणाऱ्या मुलीला 58 व्या वर्षी मिळणाऱ्या पैशाचा काय उपयोग, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

वहीची शेवटची दहा पानं तब्येतीसाठी राखून ठेवा. सुई बोटातून गेली, कापडाच्या धुळीने खोकला धरला, उकाड्यात चक्कर आली, लघवीला जाऊ दिलं नाही म्हणून जळजळ सुरू झाली, हे सगळं तारखेसकट. दवाखान्याची चिठ्ठी तिथेच चिकटवा. टॉयलेटला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली प्रत्येक लाइनवर असतात. मीही दोन उन्हाळे तसेच काढले आणि मूत्रमार्गाच्या दुखण्याने आठ दिवस पडून राहिले. त्या आठ दिवसांचा पगार गेला. पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआय लागू असतो, आजारपणाच्या रजेचेही पैसे मिळू शकतात, पण मला तेव्हा ईएसआय कार्ड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

अंगाला हात लावणं, घाणेरडं बोलणं, हॉस्टेलवर येऊन त्रास देणं, हे वहीच्या रोजच्या ओळीत लिहू नका. वेगळी वही करा, आणि ती विश्वासातल्या मैत्रिणीला माहीत असू द्या. तारीख, वेळ, कोणत्या मशीनजवळ, त्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. लिहिताना हात थरथरतो, तरी शब्द बदलू नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशा छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, 2013 चा कायदा आहे. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तमिळनाडूतच दिंडिगुलमध्ये एका तरुण कामगार मुलीच्या खुनानंतर तिथल्या बायकांच्या युनियनने लढून एप्रिल 2022 मध्ये कंपनीशी करार केला, सुपरवायझरांच्या छळाविरुद्ध. त्या भागात जाणार असाल तर युनियनचा पत्ता वहीच्या मागच्या कव्हरवर लिहून ठेवा.

आता वही दाखवायची वेळ. आम्ही चौघींनी 2017 मध्ये एका कंपनीतलं काम सोडलं तेव्हा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम बाकी होता. ऑफिसात रजिस्टर काढून दाखवलं, सगळीकडे सहा. आमच्या चार वह्यांत मात्र त्याच तारखांना साडेनऊ, साडेनऊ, दहा. एकीची वही एकटी असती तर खोटी म्हटली असती. चार वह्या जुळल्या, हॉस्टेलच्या गेटचं रजिस्टरही जुळलं, आणि कामगार कार्यालयात दुसऱ्या तारखेला कंपनीने तडजोड केली. सगळं मिळालं नाही, पण बरंच मिळालं. म्हणून एकट्याने लिहू नका, खोलीतल्या सगळ्यांनी लिहा, मात्र एकमेकींचं उतरवू नका. चार वह्यांत एकच वाक्य दिसलं की संशय येतो.

दाखवायची ती झेरॉक्स. मूळ वही कुणाच्याही हातात द्यायची नाही, साहेबाच्याही नाही. अर्ज दिला की आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा. काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब मिळायला हवा. नाही मिळाला तर दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि आता पैसे दिले आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. किती तास आणि कोणत्या तारखा हे मात्र तुम्हालाच सांगावं लागतं. वकिलाची भीती वाटत असेल तर 15100 वर फोन करा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते.

राहिलं एक. वही भरली की हॉस्टेलवर ठेवू नका. गावाकडे कुणी निघालं की त्यांच्याबरोबर घरी पाठवा आणि घरच्यांना सांगा, तीन वर्षं रद्दीत घालायची नाही. माझ्या सहा वह्या आईच्या पेटीत आहेत, लुगड्यांच्या खाली.