छायाचित्रावरून जलरंगातील व्यक्तिचित्र करून घेताना

जलरंगात पांढरा रंग सहसा वापरला जात नाही. कपाळावरचा उजेड, डोळ्यांतली चमक, पिकलेल्या केसांची कड हे सारे म्हणजे न रंगवता राखून ठेवलेला कागद असतो. रंगाचे थर पारदर्शक असल्यामुळे खालची चूक वरून झाकता येत नाही, आणि वाळलेला रंग ओल्या ब्रशने थोडाफार उचलता आला तरी त्यात कागदाचा पोत दुखावतो. तैलचित्रातले नाक शेवटच्या टप्प्यातही थोडे सरकवता येते. जलरंगातले नाक मात्र पेन्सिलीच्या रेषेतच ठरून जाते. म्हणून असे चित्र करून घेणाऱ्याने आपले सारे सांगणे आणि विचारणे ब्रश कागदाला टेकण्यापूर्वी पूर्ण करावे.

त्यातही सर्वांत मोठा निर्णय छायाचित्राचा. आपल्याला आवडते ते छायाचित्र आणि चित्रासाठी योग्य असलेले छायाचित्र ही पुष्कळदा वेगळी असतात. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात नाक आणि हनुवटी प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसतात, कान मागे जातात, आणि चित्रकाराने ते कितीही प्रामाणिकपणे उतरवले तरी घरच्यांना चेहरा परका वाटतो. दीड-दोन मीटरवरून, थोडे झूम करून काढलेले छायाचित्र प्रमाणाच्या दृष्टीने अधिक विश्वासार्ह असते. उजेड खिडकीतून एका बाजूने येणारा असावा, कारण गालाचा उंचवटा आणि डोळ्यांची खोबण सावलीमुळेच कळते. समोरून पडलेला फ्लॅश ती सावली पुसून टाकतो आणि चित्रकाराला रंगवण्यासाठी आकारच उरत नाही. मोबाइलमधील त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद असल्याची खात्री करून घ्यावी. तिने पुसलेल्या सुरकुत्यांतच माणसाचे वय आणि स्वभाव असतो, असे मला मनापासून वाटते.

स्वतःच स्वतःचे काढलेले छायाचित्र काही मोबाइलमध्ये आरशातल्यासारखे उलट साठवले जाते. भांग डावीकडचा उजवीकडे जातो, गालावरचा तीळ बाजू बदलतो, आणि चित्र पूर्ण झाल्यावर नेमके काय चुकले हे कोणाला सांगता येत नाही. जुन्या छायाचित्रांतही निगेटिव्ह उलटी छापली गेल्याने असे होते. सदऱ्याची बटणे, खिसा किंवा मागच्या पाटीवरची अक्षरे पाहून ते ओळखता येते.

निवडलेले छायाचित्र संदेशाच्या ॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास त्याचा आकार कमी होऊन बारकावे जातात, म्हणून मूळ फाइल ईमेलने किंवा ॲपमधील डॉक्युमेंटच्या पर्यायातून पाठवावी. कागदावरचे जुने छायाचित्र मोबाइलने टिपण्यापेक्षा ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घेणे चांगले. ते कृष्णधवल असेल, तर त्वचेची छटा, डोळ्यांचा रंग आणि कपड्याचा रंग शब्दांत कळवावा, आणि शक्य झाल्यास सख्ख्या भावंडाचे किंवा मुलाचे रंगीत छायाचित्र सोबत द्यावे. चेहऱ्याचे मुख्य छायाचित्र एकच ठरवून त्याच्या जोडीला त्याच व्यक्तीची दुसऱ्या कोनांतली दोन-तीन छायाचित्रे संदर्भासाठी दिली, तर चित्रकाराला जबड्याची आणि पापण्यांची ठेवण समजते. वेगवेगळ्या छायाचित्रांतील माणसे एका चित्रात एकत्र आणायची असतील, तर प्रत्येकावर उजेड एकाच बाजूने पडलेला आणि कॅमेरा साधारण सारख्याच उंचीवर असलेला पाहावा. ते न जमल्यास चित्रातली माणसे एकमेकांशेजारी उभी असल्यासारखी वाटत नाहीत.

चित्रकार निवडताना केवळ तयार चित्रे पाहू नयेत. मूळ छायाचित्र आणि त्यावरून केलेले चित्र शेजारी ठेवून पाहायला मागावे, आणि त्यांत एखादे लहान मूल व एखादी वृद्ध व्यक्ती असावी. ज्याची शैली ओघळत्या, मोकळ्या रंगांची आहे, त्याच्याकडे भुवईचा केस न् केस मागणे हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि चित्रावरही.

आकाराचा हिशेब आधी करावा. उभ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी धरतात; म्हणजे ए४ कागदावर २२ सेंटीमीटर उंचीची पूर्णाकृती काढली, तर डोके जेमतेम ३ सेंटीमीटरचे होते आणि त्यातला डोळा काही मिलिमीटरांचा. साम्य हवे असेल तर छातीपर्यंतचे चित्र घ्यावे किंवा कागद मोठा करावा. कागद १०० टक्के कापसाचा, आम्लमुक्त आणि निदान ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा असावा. रंग प्रकाशात टिकणारे आहेत का, हेही विचारावे. पारंपरिक अलिझरिन क्रिमझनसारखा सुंदर लाल रंग उजेडात फिका पडतो, आणि गाल-ओठांची लाली गेली की चेहरा आजारी दिसू लागतो.

किंमत, आगाऊ रक्कम, मुदत, रेखाटनात किती वेळा बदल करता येईल, आणि चित्राच्या प्रती छापण्याचा हक्क कोणाकडे राहील, हे लेखी असावे. छायाचित्र व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेले असेल, तर त्याचीही परवानगी घ्यावी.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे पेन्सिलीच्या रेखाटनाला संमती. रेखाटन आल्यावर लगेच होकार देऊ नये. ते आणि छायाचित्र दोन्ही डोके खाली येईल असे उलटे धरून पाहावे. ओळखीचा चेहरा उलटा झाला की मन आठवणीतून भर घालत नाही आणि दोन डोळ्यांमधले अंतर, ओठांचे कोपरे, कानांची उंची यांतला फरक उघडा पडतो. त्या व्यक्तीसोबत राहिलेल्या एखाद्याला एक दिवस जाऊ देऊन दाखवावे. मग जे वाटते ते नेमके लिहावे: “चेहरा वेगळा वाटतो” याचा चित्रकाराला उपयोग होत नाही, “वरचा ओठ अधिक पातळ आहे आणि डावी भुवई किंचित वर असते” याचा होतो. हसताना दिसणारे दात स्वतंत्र रेषांनी काढलेले असतील, तर त्या रेषा पुसायला सांगाव्यात, कारण रंगात त्या फार कठोर दिसतात.

रंगकाम सुरू झाल्यावर मात्र थांबावे. ओला रंग वाळल्यावर फिका होतो, पहिल्या थरांत चेहरा पिवळट किंवा निळसर दिसू शकतो, आणि अर्धवट चित्रावर दिलेल्या सूचनांमुळे काम बिघडण्याचीच शक्यता अधिक.

चित्र गुंडाळी न करता दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये, आम्लमुक्त कागदात आणि ओल लागणार नाही अशा वेष्टनात मागवावे. फ्रेम करताना काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालावा, कारण काचेच्या आतल्या बाजूला दव धरले तर रंग पुन्हा विरघळतो. काच अतिनील किरण रोखणारी असली तरी चित्र थेट ऊन येणाऱ्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये. त्याच भिंतीवर ते हवे असेल, तर उत्तम स्कॅन करून त्याची छापील प्रत तिथे लावावी आणि मूळ चित्र सावलीतल्या खोलीत ठेवावे.