जुन्या लष्करी बंदुकीचा दस्ता कसा ओळखाल?

सोलापुरातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर कधीकधी बंदुकीचा नुसता लाकडी दस्ता सापडतो. तो घासूनपुसून पॉलिश करण्याची घाई करू नका. बरीच ओळख लाकडावरच्या उथळ ठशांत असते आणि पॉलिश पेपरने ती कायमची जाते. कोरड्या कापडाने धूळ काढा, टॉर्च बाजूने तिरपा धरून ठसे पाहा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा.

मग घडण पाहा. खांद्यापासून पुढपर्यंत एकसंध लाकूड आणि खाली दारू ठासायचा गज ठेवण्याची खाच असेल, तर ती बहुधा नळीच्या तोंडाकडून ठासायची जुनी बंदूक. माउझर या जर्मन बनावटीच्या रायफलचा दस्ताही एकसंधच, पण त्याला मॅगझिनसाठी, म्हणजे काडतुसांच्या पेटीसाठी, आरपार खोबण असते. मागचा भाग वेगळा आणि त्यातून तो जोडणाऱ्या लांब बोल्टसाठी आरपार भोक असेल, तर ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलची शक्यता मोठी. तिच्या मागच्या पितळी पत्र्याला बहुतेकदा छोटे झाकण असते, आत तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवत. वरच्या कडेला ‘एस’, ‘एल’ किंवा ‘बी’ दिसले तर ती दस्त्याच्या लांबीची खूण आहे, कारखान्याची नव्हे. ‘आरएफआय’ मात्र बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीचा ठसा.

लाकडाबरोबर नळी, बोल्ट (काडतूस नळीत बसवणारा सरकता भाग) किंवा घोडा असेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवा. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात.