ट्रेलर डोलत होता, भार पुढे आणला
ताशी ८० किमीच्या पुढे गाडीमागचा राहण्याचा ट्रेलर शेपटीसारखा डोलायचा. टायरची हवा बरोबर होती. मग वजनकाट्यावर फक्त गाडीची चाकं चढवून दोनदा वजन केलं, ट्रेलर जोडून आणि सोडून. फरक, म्हणजे ट्रेलरचा हुकवरचा भार, २२० किलो; भरलेल्या ३००० किलोच्या ट्रेलरचे जेमतेम ७ टक्के. हुकवर १० ते १५ टक्के हवेतच. अ‍ॅक्सलच्या २ मीटर मागे असलेलं १०० किलो सामान (बॅटऱ्या, अवजारं) २ मीटर पुढे आणलं. हुक अ‍ॅक्सलपासून ५ मीटरवर, त्यामुळे ८० किलो वाढून भार ३०० झाला. डोलणं थांबलं.

हेच ३०० किलो गाडीच्या पेलोडमधून (गाडी स्वतःवर जेवढं वजन पेलू शकते त्यातून) जातात, शिवाय माणसं नि सामान. म्हणून गाडी घेताना ओढण्याच्या आकड्याआधी दाराच्या चौकटीवरचा पेलोडचा स्टिकर वाचा; कायम ट्रेलरमध्ये राहायचं तर बहुधा पेलोडच आधी संपतो.