मिनिएचर वॉरगेमिंग कमी पैशांत: या चुका टाळा

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे बोटाएवढे सैनिक रंगवायचे आणि टेबलावर नियमांनी लढाया खेळायच्या. पावसाळा लागला की मला हमखास एक फोटो येतो. काळ्या प्राइमरऐवजी (रंगाआधी मारायचा अस्तराचा स्प्रे) अंगावर राखाडी, पिठूळ थर बसलेले सैनिक आणि खाली प्रश्न : 'काका, स्प्रेचा डबा डुप्लिकेट निघाला का?' डबा चांगला असतो, बाबा. महिना चुकलेला असतो.

मी साताऱ्यात हा उद्योग महिन्याला ५०० रुपयांत करतो. त्या महिन्यात गॅस सिलिंडर संपला तर ३०० रुपयांत. एवढ्यात भागतं. पैसे सैनिकांवर जात नाहीत, केलेलं निस्तरण्यात जातात.

पावसात स्प्रे मारू नका

सातारा म्हणजे यवतेश्वर आणि कासचं पठार उशाशी घेऊन झोपलेलं गाव. जुलैत इथे टॉवेल तीन दिवस वाळत नाही, आणि पोरं गच्चीवरच्या पत्र्याखाली उभी राहून खुशाल डबा फवारतात. स्प्रेमधलं द्रावण झपाट्यानं उडून जातं, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्या थरात बसते. रंग पांढुरका होतो, दाणे धरतो. मॅट व्हार्निशचंही असंच होतं, आणि ते जास्त लागतं, कारण तोवर महिनाभराची रंगरंगोटी झालेली असते.

हे मला कुणी शिकवलं नाही. अजिंक्यताऱ्याचा १७०० सालचा वेढा मांडायचा होता. औरंगजेब खाली तळ देऊन बसलेला, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मराठ्यांची शिबंदी आमच्या मापात, म्हणजे २८ मिलिमीटर उंचीची, तयार कुठे मिळणार? चौघांनी वर्गणी काढून परदेशातून त्याच मापाचे, सतराव्या शतकातले युरोपी तोडेवाले बंदूकधारी मागवले. कडक प्लास्टिकचे. माझ्या वाट्याला २४ आले. त्यांच्या टोप्या कापून एम-सीलची पागोटी वळली. एकेक पागोटं टाचणीनं पीळ देऊन. तीन आठवडे गेले.

१५ ऑगस्टच्या सुट्टीला सांगलीहून मित्र मोगल घेऊन येणार होता. १२ तारखेच्या रात्री, बाहेर रिपरिप चालू असताना, मी १६ जणांना प्राइमर मारला. बाकीचे आठ पुठ्ठ्यावर मावले नाहीत म्हणून राहिले. सकाळी बघतो तर सगळी शिबंदी गिरणीतून दळण घेऊन आलेली.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. अशा पांढुरक्या थरावर ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात दिला की बऱ्याचदा तो निवळतो, नाहीतर वरून ब्रशनं काळा फिरवायचा. पण मला घाई. बायकोच्या ड्रॉवरमधला नेलपेंट रिमूव्हर बरणीत ओतला आणि सोळाही जण आत सोडले. त्या बाटलीत ॲसिटोन होतं आणि कडक प्लास्टिकचे सैनिक पॉलिस्टायरीनचे असतात. ॲसिटोन त्याला विरघळवतं. वीस मिनिटांनी जुना टूथब्रश घेऊन आलो तेव्हा बंदुका मेणबत्तीसारख्या वाकल्या होत्या, चेहरे गेले होते आणि तळाशी चिकट लगदा. पागोटी तेवढी शाबूत. सोळा पागोटी अजून एका डबीत आहेत, टाकवत नाहीत. १५ ऑगस्टला आठ माणसं आणि कॅरमच्या सोंगट्या घेऊन गड लढवला.

तेव्हापासून माझा स्प्रेचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत. दव ओसरल्यावर, सकाळी दहाच्या पुढे. डबा दोन मिनिटं हलवायचा, वीत-सव्वा वीत अंतरावरून छोटे छोटे फवारे. उन्हाळा पण नको, कारण कडक उन्हात रंगाचे थेंब हवेतच सुकतात आणि अंगावर रवा बसतो. बाकीचे महिने चित्रकलेच्या दुकानातला जेसो (कॅनव्हासला लावतात ते अस्तर) पाणी घालून ब्रशनं लावतो. वेळ लागतो. लागू दे. रंग उतरवायचाच असेल तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, खिडक्या उघडा, हातमोजे घाला आणि सैनिक ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढले तिच्या उरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा. आधी तुकड्यावर.

थर्माकोलवर थेट स्प्रे

गणपती उठले की थर्माकोल फुकट मिळायचा, आता फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतून मिळतो. डोंगरासाठी उत्तम. पण नेहमीच्या स्प्रेमधलं द्रावण थर्माकोल खातं. तोही पॉलिस्टायरीनच, फुगवलेला. ओळखीच्या एका कॉलेजच्या पोरानं दोन फुटी अजिंक्यतारा कोरला, सुंदर, तट-बुरुज सगळं, आणि त्यावर थेट तपकिरी फवारला. १३ एप्रिल १७०० ला मोगलांच्या सुरुंगानं मंगळाईचा बुरूज उडाला, आणि दुसऱ्या सुरुंगानं तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. याच्या गडाला तेवढाही वेळ लागला नाही.

आधी फेविकॉलमध्ये पाणी आणि चाळलेली वाळू घालून दोन हात द्या, पार वाळू द्या, मग ब्रशनं रंगवा. दिवाळीचा किल्ला ज्यानं केलाय त्याला हे सांगायला नको. पोतं चिखलात बुडवून दगडांवर टाकणारी आपली जात. तीच पोरं व्हिडिओ बघितला की परदेशी फोमशीटच्या किमती काढत बसतात. हिरवळीसाठी वखारीतला भुसा चाळून रंगवा, पण उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय चिकटवू नका, श्रावणात बुरशी येते. आणि अळीव-मोहरी पेरायची ती दिवाळीतच.

भिडू नसताना फौज

याचा मला सगळ्यात राग येतो. पोरगा पहिल्याच महिन्यात शंभर सैनिकांची यादी पाठवतो. समोर कोण? 'मिळेल कुणीतरी.' राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत हा खेळ खेळणारी माणसं मला बोटांवर मोजता येतात, आणि त्यातही एक १५ मिलिमीटरवाला आहे, त्याची फौज कुणाशीच जुळत नाही. आधी भिडू शोधा, त्याचं माप विचारा, मग खिशात हात घाला.

त्याच्याही आधी कागद. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे चौकोन कापायचे, वर 'घोडदळ', 'बंदूकवाले' लिहायचं, जुन्या हिरव्या चादरीखाली वह्या-पुस्तकं सारून डोंगर करायचे आणि दोन डाव खेळायचे. फुकटचे नियम नेटवर ढिगानं आहेत, दहा-दहा माणसांच्या चकमकींचेसुद्धा, आणि त्यांना तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. डाव रुचला तर दहा सैनिक घ्या. दहाही रंगवून झाल्याशिवाय अकरावा नाही. माझा हा नियम माझी बायको माझ्यापेक्षा कडक पाळते.

परदेशातून मागवणार असाल तर कुरिअरचा खर्च आणि कस्टम आधी मिळवा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. 'स्वस्तात मिळालं' म्हणणाऱ्यानं पार्सल दारात आल्यावर बोलावं.

बाकीच्या, भराभर

जत्रेतले किंवा १/७२ मापाचे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे) मऊ प्लास्टिकचे सैनिक भांड्याच्या साबणानं न धुता रंगवले तर रंग साल निघावी तसा निघतो. धुवा, पातळ फेविकॉलचा एक हात द्या, मग रंग. पोस्टर कलर वापरायचा तर वरून व्हार्निश हवंच, नाहीतर बोटाला लागून येतो. बारा ब्रशांचं स्वस्त पाकीट घेऊ नका, दोन नंबरचा एकच बरा घ्या आणि तो पाण्याच्या ग्लासात उभा ठेवू नका, टोक मोडतं. रंग दुधाइतका पातळ करा, एका जाड हाताऐवजी दोन पातळ. नियम इंचात असतात आणि टेबल लहान असतं, तेव्हा इंचाचे सेंटिमीटर करा, काही बिघडत नाही. मोजायला शिंप्याची टेप. कंदी पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सैनिक ठेवू नका, मुंग्या येतात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या आणि सैनिकांच्या बैठकीखाली चुंबकाची पट्टी चिकटवा.

कागदी निशाणं खळीनं चिकटवू नका, कसर लागते. मी मागच्या पावसाळ्यात कणकेची खळ वापरली, फेविकॉल आणायला कोण उठणार म्हणून. भगव्याला सात भोकं पडली. सांगलीवाला म्हणाला, वेढ्यातलं निशाण असंच दिसत असणार. तेव्हापासून ते तसंच आहे.